तारलीचं पाणी

टेम्पोचं मागचं अंग उजवीकडे, दरीच्या बाजूला सरकलं, तेव्हा माझ्या तोंडून एकच शब्द निघाला.

"ब्रेक!"

गौरेशने ब्रेक मारला नाही. पाय हलका केला आणि स्टिअरिंग चक्क दरीकडे वळवलं. समोरच्या काचेतून रस्ता नाहीसा झाला, नुसतं धुकं उरलं. मी डोळे मिटले. मागच्या हौद्यात माशांचे क्रेट एकमेकांवर आदळले. मग कुणीतरी दंडाला धरून जागेवर आणावं तशी गाडी सरळ झाली आणि मुकाट चढायला लागली.

"डोळे उघड गो," गौरेश म्हणाला. "आहोत अजून."

"दरीकडे कशाला वळवलीस?"

"ती जिकडे घसरत होती तिकडे तिचं तोंड केलं. मागचं अंग उजवीकडे चाललं तर तोंडही उजवीकडेच करायचं, मग चाकं परत रस्ता धरतात. ब्रेक मारला असता तर चाकं जाम झाली असती. जाम झालेलं चाक म्हणजे ओली साबणवडी. स्टिअरिंग कितीही फिरव, ती ऐकत नाही."

"पण घसरलो कशावर?"

त्याने हनुवटीने पुढे दाखवलं. ओल्या डांबरावर मधोमध एक तेलकट, चंदेरी पट्टा वरपर्यंत गेला होता.

"तारलीचं पाणी. पुढच्या गाडीवाल्या मेल्याने बूच काढून ठेवलं असणार. चढावर बर्फाचं पाणी आपोआप मागे येतं, निघून जातं, गाडी हलकी होते. मागचा मरो नाहीतर जगो."

"तू नाही ना काढत?"

"खाली ओहोळापाशी थांबलेलो, बघितलंस मा? तिथे काढलं तेवढं काढलं. आता थेट कोल्हापुरात, मार्केटच्या गटारात. घाटात बूच काढायचं नाय, हा माझा नियम."

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा होऊन चार दिवस झाले होते, पण पाऊस जायचं नाव घेत नव्हता. नवरात्र संपल्यामुळे वरच्या बाजारात मासळीला एकदम मागणी आली होती आणि टेम्पो तारलीने गच्च भरला होता. आमच्या लग्नाला तीन महिने झाले होते. मी घाटमाथ्यावरच्या गावातली; देवगडला नर्सिंगच्या कोर्सला गेले आणि तिथल्याच मासळी वाहणाऱ्या माणसाशी रजिस्टर लग्न करून बसले. लग्नाला आई लपून आली. आबा आले नाहीत.

आबांचा राग गौरेशच्या जातीवर नव्हता, घरावरही नव्हता. आबा याच घाटात तीस वर्षं रस्त्याच्या गँगमध्ये मैलकुली होते. पडलेली दरड बाजूला करायची, मोऱ्या मोकळ्या करायच्या, आणि मासळीच्या गाड्यांनी सोडलेल्या पाण्यावर खडीची कच पसरायची. सांडलेल्या तेलकट पाण्यावरून घसरलेली किती माणसं त्यांनी उचलली, त्याचा हिशेब त्यांनी कधी सांगितला नाही. फक्त एवढं म्हणाले होते, "जगात दुसरं कुणी गावलं न्हाई व्हय तुला?"

आणि परवा त्यांनी आईकडून निरोप पाठवला होता. "घिऊन ये त्याला. बघतो."

बघतो. या एका शब्दापायी मी दोन रात्री झोपले नव्हते. आज गौरेशकडे पाहून आबांनी तोंड फिरवलं असतं, तर माहेरचं दार मला मिटल्यासारखंच होतं. सकाळपासून मी हजार वेळा पदराचा वास घेतला होता. नवी हिरवी साडी, पण वास तारलीचा. घरासमोर हा टेम्पो उभा राहणार, मागच्या नळीतून थेंब थेंब पाणी गळणार, आबा पायरीवर उभे राहून ते थेंब बघणार. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"बूच गळतंय," मी म्हणाले.

"थोडं गळतं."

"आबांच्या अंगणात गळेल."

"मग काय अंगणाबाहेर लावतो गाडी. तू शांत बस बघू."

शेवटच्या मोठ्या वळणावर इंजिन तापलं. तिथून घर दोन किलोमीटर. गौरेशने गाडी डोंगराच्या अंगाला लावली, चाकाला दगड लावला, आणि कॅन घेऊन वरच्या झऱ्याकडे गेला. "पाच मिनटं," म्हणाला. "खाली उतरू नको, पावसात भिजशील."

मी उतरले.

मी गाडीच्या मागे गेले. कोपऱ्यातल्या नळीला चिंधी गुंडाळलेलं लाकडी बूच, त्याच्या कडेने पाणी पाझरत होतं. वाटलं, तांब्याभर असेल. आत्ताच काढून टाकू, म्हणजे घरी गळायला काही उरणार नाही. पाऊस आहेच, धुऊन जाईल. मी बूच पिळून ओढलं.

तांब्याभर नव्हतं. हौद्याच्या तळाला साठलेलं सगळं पाणी एकदम धावून आलं. गुलबट, फेसाळ, बर्फाइतकं गार. माझे हात कोपरापर्यंत भिजले. मी बूच परत लावायला गेले तर पाण्याचा जोर ते बाहेर फेकत होता. दोनदा लावलं, दोनदा निसटलं. बोटं बधिर झाली. पाणी रस्त्याच्या उतारावरून पलीकडे, दरीकडच्या कठड्यापर्यंत पसरलं.

गौरेश धावत आला. माझ्या हातातून बूच घेतलं, तळव्याने एकच ठोसा मारून बसवलं. मग रस्त्याकडे पाहिलं.

"काय केलंस गो ह्या?"

मी उत्तर देण्याआधीच वरून स्कूटी आली.

ती जोरात नव्हती. वळणावर सावकाश आली, आणि पाण्यावर येताच पुढचं चाक असं गेलं, की जणू स्कूटीखालून कुणी रस्ताच ओढून घेतला. बाई धपकन रस्त्यावर बसल्या. स्कूटी गोल फिरत कठड्याला जाऊन टेकली आणि पाय ठेवायच्या जागी बांधलेले अंड्यांचे ट्रे उडाले.

"माझी अंडी!" बाई ओरडल्या.

आम्ही दोघं धावलो. "ताई, लागलं का? पाय हलवा बघू," मी म्हणाले.

"पायाचं काय घिऊन बसलीस? पाय माझा हाय, अंडी सरकारची हैत! अंगणवाडीची पोरं वाट बघाय लागल्यात खाली!" मग त्यांनी मला नीट पाहिलं. "अगं, तू शिदूमामांची दर्शना न्हवं?"

त्या आमच्याच गावच्या इंदूताई होत्या. गुडघा चांगलाच फुटला होता. पण हाड शाबूत होतं. मी बोटांनी चाचपून खात्री केली. तेवढ्यात इंदूताई वर बघून म्हणाल्या, "ह्ये बघ, आलंच तुझं आबा."

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी आबा रोज सकाळी या वळणापर्यंत फेरी मारत. डोक्यावर पोत्याची खोळ, खांद्यावर लाल टॉवेल. तीन महिन्यांनी मी दिसले होते, पण त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं नाही, गौरेशकडेही नाही. ते रस्त्याकडे बघत खाली वाकले. दोन बोटं पाण्यात बुडवली, नाकाशी नेली.

"तारली," ते म्हणाले.

बोटं त्यांनी टॉवेलला पुसली.

"चालत्या गाडीची न्हाई. चालत्या गाडीची धार लांबडी असती. हे थारोळं हाय. गाडी हुभी करून सोडलंय." मग ते उठले. "कुणी सोडलं?"

मी इंदूताईंच्या गुडघ्याकडे बघत राहिले.

"मी," गौरेश म्हणाला. "माझी चूक झाली, आबा."

"मी तुमचा आबा कवापास्नं?"

गौरेशने मान खाली घातली. आबा माझ्याकडे वळले. त्यांची नजर माझ्यावरून खालपर्यंत गेली आणि परत वर आली.

"तू हितंच हुतीस?"

"हो."

"त्यानं सोडलं ते बघितलंस?"

गौरेशने किंचित मान हलवली. मला कळलं, तो म्हणतोय, हो म्हण.

"हो," मी म्हणाले.

इतकी वर्षं झाली, तरी तो 'हो' मला नेमका आठवतो, अगदी त्याच्या आवाजासकट. लेक दुपारची झोपते तेवढ्यात मी हे लिहितेय. मधेच ती कुशीवर वळते, मी उठून तिच्या कपाळावरचे केस बाजूला करते, आणि पुन्हा येऊन बसते तेव्हा तो 'हो' तिथेच बसलेला असतो.

मग आबा बोलले. मोठ्याने नाही. त्यांना ओरडायची सवयच नव्हती.

"तीस वर्षं हे उपसलं मी. तुमच्या गाड्या रात्री जायच्या, सकाळी मी यायचो. कुणाचा दात, कुणाची चप्पल, कुणाचं डबं, सगळं ह्या हातानं गोळा केलंय. तुम्हाला वाटतं पाणी हाय, जाईल वाहून. पाणी जातं. चिकटा न्हाई जात. पाऊस आला की त्यो पुन्यांदा वर येतो." मग म्हणाले, "आन अशा माणसाच्या हातात माझी पोरगी हाय."

गौरेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मोरीत माझं फावडं आन घमेलं हाय," आबा त्याला म्हणाले. "काढा. त्यो तिकडं कचेचा ढीग हाय. कठड्याच्या बाजूनं टाकाय लागा, खाली जाणाऱ्या गाड्या तिकडनं येत्यात. मी वर जाऊन गाड्या थांबवतो. आन दर्शना, तू ताईच्या गुडघ्याचं बघ. नर्स हैस नव्हं?"

लाल टॉवेल हातात धरून ते वरच्या वळणाकडे गेले. धुक्यात चार पावलांवर त्यांची खोळ दिसेनाशी झाली.

मी पिशवीतून रुमाल काढून इंदूताईंच्या गुडघ्याला बांधला. गाठ दोनदा सुटली.

"नवरा दिसाय बरा हाय गं तुझा," इंदूताई हळूच म्हणाल्या, "पर डोस्कं न्हाई. सासऱ्याच्या दारात येताना असलं कुणी करतं व्हय?"

आता सांगावं, मला वाटलं. निदान हिला तरी. मग वाटलं, आबांनाच सांगते, ते खाली आले की. मग वाटलं, घरी गेल्यावर, जेवणं झाल्यावर. गौरेश एक घमेलं आणायचा, फेकायचा, फावड्याने ओढायचा, पुन्हा ढिगाकडे जायचा. अंड्यांचा बलक पाण्यात मिसळून आणखी चिकट झाला होता; त्यावरून चालताना तो स्वतःच दोनदा घसरला. एकदा माझ्याकडे बघून हसलाही.

"मी करते ना," मी म्हणाले.

"तू बस. साडी नवी हा."

वरून हॉर्न ऐकू आला. मग आबांचा आवाज: "हो! हो! थांब! आरं हळू!"

खाली कोकणात चाललेला साखरेचा ट्रक. धुक्यात चालकाला आबांचा टॉवेल उशिरा दिसला, आणि त्याने जे कुणीही करेल तेच केलं. नेमका पाण्याच्या तोंडाशी येऊन जोरात ब्रेक मारला.

चाकं थांबली. ट्रक थांबला नाही. मी आयुष्यात तसं काही पाहिलं नव्हतं. न फिरणाऱ्या चाकांवर तो एवढा मोठा ट्रक आवाज न करता घसरत आला, सरळ, कठड्याकडे. चालकाने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलेलं दिसत होतं, पुढची चाकं डोंगराकडे वळलेली होती, आणि ट्रक मात्र दरीकडेच येत होता. कठड्यापाशी घमेलं हातात धरून गौरेश उभा होता. मागे कठडा, पुढे ट्रक, पायाखाली तोच चिकटा.

"ब्रेक सोड!" आबा ट्रकच्या मागून धावत होते. "सोड! आरं सोड त्यो ब्रेक!"

ट्रकची खिडकी उघडी होती. त्या माणसाने ऐकलं. अशा वेळी ब्रेकवरचा पाय उचलायला केवढा जीव गोळा करावा लागत असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण त्याने उचलला. चाकं फिरली. फिरली तशी ती टाकलेल्या कचेवर आली, करकरली, आणि एकदम त्यांना आपलं तोंड कुठे वळलंय ते कळलं. ट्रक गौरेशपासून हातभर अंतरावरून वळला, रस्ता ओलांडून डोंगराकडच्या चरात चाक घालून, आमच्या टेम्पोच्या अलीकडे धाडकन थांबला. घमेलं गौरेशच्या हातून सुटलं आणि गोल गोल फिरत कितीतरी वेळ वाजत राहिलं.

"पाणी मी सोडलं!"

मी किंचाळले होते. "आबा, मी सोडलं! हे झऱ्यावर गेले होते. मी काढलं बूच. मला परत लावता नाही आलं. मी खोटं बोलले."

आबा ट्रकच्या चाकापाशी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून धापा टाकत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाऊक हाय."

"काय?"

"आल्या आल्या कळलं. तुझ्या बांगड्यात तारलीचं खवलं अडकल्यात. कोपरापतोर हात बरबटलाय. ह्यांचा नुसता तळवा बरबटलेला हुता."

मी बांगड्यांकडे पाहिलं. हिरव्या काचेत चंदेरी खवले चमकत होते. सगळ्यांना दिसतील असे.

"मग त्यांना का एवढं बोललात?"

"तुला बोलायला जागा ठेवली हुती," आबा म्हणाले. मग सरळ उभे राहिले. "उशीर केलास."

"अगं बाई!" इंदूताई कठड्याला टेकून म्हणाल्या. "आन मी मघापास्नं त्या गरीब माणसालाच बोलतीय!"

ट्रकचा चालक खाली उतरला, पायरीवर बसला, गौरेशने दिलेलं पाणी प्यायला. कुणाला शिवी देण्याइतकंही त्याच्यात काही उरलं नव्हतं. आबांनी घमेलं उचललं, त्यात कच भरली आणि फावडं माझ्या हातात दिलं.

"वढ," म्हणाले. "चार बोटं जाड. कडेपतोर."

नव्या साडीचा काचा मारून मी कच ओढली. गौरेश आणत होता, आबा टाकत होते, मी ओढत होते. खालून आलेल्या ट्रॅक्टरने ट्रक चरातून ओढून काढला. इंदूताई न फुटलेली अंडी ओच्यात घेऊन त्या ट्रॅक्टरवर बसून गावाकडे गेल्या.

घरी आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि रडून घेतलं. तिला काय झालंय ते ठाऊक नव्हतं; ती लेक आली म्हणून रडत होती. जेवायला थांबणं शक्य नव्हतं, बर्फ वितळत होता, माल दुपारच्या आत बाजारात पोचायला हवा होता. गौरेश नुसता चहा प्यायला. टेम्पो त्याने म्हटल्याप्रमाणे अंगणाबाहेर लावला होता.

तो गाडीत बसला तेव्हा आबा उठून खिडकीपाशी गेले. मी दारातच थांबले. मला वाटलं, आता ठरेल ते ठरेल. आबांनी हात खिडकीच्या काठावर ठेवला, आणि बराच वेळ त्या हाताकडेच बघत राहिले.

"जावईबापू," ते म्हणाले.

गौरेशने इंजिन बंद केलं.

"मला ठाऊक हुतं तुम्ही पाणी सोडलं न्हाई. तरी बोललो. तरी तुम्हालाच तिथं हुभं केलं. तिनं आपणहून बोलावं म्हणून मी थांबलो, आन ट्रक आला." त्यांचा आवाज बसला होता. "आधी रस्ता झाकायचा असतो. माणसं मग पारखायची. तीस वर्षं हेच काम केलं, एवढं कळाय पायजे हुतं मला. तुम्हाला काय झालं असतं तर ह्या पोरीला मी कुठल्या तोंडानं…" वाक्य तिथेच राहिलं. "मीबी उशीरच केला."

माझ्या आबांना चूक कबूल करताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. आई पदर तोंडाशी धरून उभी होती, तिला काहीच कळत नव्हतं.

गौरेशने खिडकीवरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. माशाचा वास येणारा हात. क्षणभर त्यालाही ते जाणवलं असावं, कारण तो काढून घेणार होता. पण आबांनी दुसरा हात वरून दाबला.

"आबा," तो म्हणाला, "संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन येतो. जेवायला थांबतो. चालेल?"

"चालंल न्हाई, याच. हिला हितंच ठेवून जावा तवर."

टेम्पो गेला. आई आत भाताचं बघायला गेली. अंगणात मी आणि आबा उरलो. मला त्यांच्याकडे बघवेना. पावसाची भुरभुर चालू होती. आबांनी पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि वाटेला लागले.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"वळणावर. पावसानं कच वाहून जाती. बघाय पायजे."

"मी येऊ?"

ते चालत राहिले. लांब टांगा टाकत, रस्त्यावर नजर ठेवून, ते नेहमी चालायचे तसे. मी अंगणातच उभी होते. साडी बदलावी का, आईला सांगून जावं का, जावं तरी का, असं काहीबाही मनात फिरत होतं. आबा वाटेवरच्या वडापर्यंत गेले. तिथे थांबले. मागे वळून पाहिलं नाही, हाक मारली नाही. नुसतेच रस्त्याच्या कडेला उभे राहिले, डोक्यावरची खोळ भिजत होती.

मी अनवाणी पळत सुटले.